टपावरचा रेडिओ

मार्च 2007 मधली गोष्ट. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. सकाळी साडेनऊला आमची पिकअप अंगणात येऊन थांबली. हे खाली उतरले आणि एक शब्द न बोलता सरळ न्हाणीत गेले. मी ताडपत्री झटकून ठेवावी म्हणून गाडीजवळ गेले, तर पुढच्या बंपरात बाभळीची हिरवीगार फांदी अडकलेली! शेंगांसकट. डाव्या बाजूचा दिवा फुटलेला, पत्र्यावर लांबलचक ओरखडे.

"अहो, हे काय?"

"कुत्रं आडवं आलं," आतून आवाज आला.

कुत्रं आडवं आलं तर माणूस ब्रेक मारतो. रस्ता सोडून बाभळीत कशाला शिरेल? पण सासूबाई ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या, मुलांची शाळेची गडबड चाललेली. मी गप्प बसले. फांदी ओढून काढली, बोटाला काटा लागला तो लागलाच. रात्री सगळे निजल्यावर परत विचारलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वरवंडच्या पुढं डोळा लागला."

"किती वेळ?"

"काय ठावं. डोळं उघडलं तवा समोर बाभळ हुती."

त्या रात्री मला झोप आली नाही. हे मात्र उशीला डोकं टेकताच घोरायला लागले. मला त्यांचा रागही आला आणि घोरणं ऐकून जिवाला बरंही वाटलं.

ज्यांच्या घरचा माल रात्रीचा बाजारात जातो त्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. आमचं कळस गाव इंदापूर तालुक्यात. इथून पुण्याचा गुलटेकडीचा मार्केट यार्ड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दिवसभर बागेत द्राक्षाचे घड काढायचे, कात्रीनं खराब मणी टिपायचे, पेट्या भरायच्या. रात्री अकराला गाडी हलवायची. भिगवणला हायवेला लागायचं. कुरकुंभ, पाटस, चौफुला, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर करत पहाटे यार्डात. माल उतरवून, पट्टी घेऊन उन्हं वर यायच्या आत परत निघायचं. जाताना माणूस जागा असतो, कारण मालाची काळजी असते. येताना गाडी रिकामी, खिशात पैसे, समोरून डोळ्यांवर कोवळं ऊन. झोप येते ती तेव्हा! शिवाय हे एकटे. सोबतीला माणूस न्यायचा तर त्याची हजेरी द्यावी लागते.

गाडीत टेप होता. पण कॅसेट त्याच त्या. माणूस त्यातलं गाणं ऐकतच नाही हो, पुढचं कडवं आधीच पाठ असतं. आकाशवाणी पुणे केंद्र भिगवणच्या अलीकडं खरखरायचं आणि रात्री उशिरा तर बंदच व्हायचं. पुण्यातल्या एफएमच्या वाहिन्या यवतच्या पुढं गेल्याशिवाय नीट लागत नव्हत्या. म्हणजे नेमका जो पट्टा झोपेचा, तोच मुका.

माझी भिशी लागली होती त्या महिन्यात. बारा बायकांची आमची भिशी. त्यातून मिक्सर घ्यायचं ठरलं होतं, दुकानात जाऊन रंगसुद्धा बघून आले होते मी. पण पुण्याला नणंदेकडं गेले असता एका दुकानाच्या काचेत तो रेडिओ दिसला. 'वर्ल्डस्पेस'. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. ए. आर. रेहमान यांची जाहिरात होती त्याची. उपग्रहावरून थेट घरात गाणी, मध्ये जाहिराती जवळजवळ नाहीत, खरखर नाही. जुन्या हिंदी गाण्यांची 'फरिश्ता', शास्त्रीय संगीताची 'गंधर्व', शिवाय मराठीचीही एक वाहिनी. वर्षाची वर्गणी भरायची आणि चोवीस तास ऐकायचं.

मी दुकानदाराला एकच विचारलं, "गाडीत चालेल का? पिकअपमध्ये?"

"का नाही चालणार, ताई? वरती आकाश असलं की झालं."

त्या दुकानदाराचं नाव मी सांगत नाही. वाक्य त्याचं निम्मं खरं होतं, आणि निम्मं खरं वाक्य किती महाग पडतं ते पुढं कळलं. भिशीचे पैसे मोजले, खोकं काखेत मारलं आणि एसटीत बसले. घरी आल्यावर सासूबाईंनी खोकं उघडून पाहिलं. "ह्यो मिक्सर हाय व्हय?" म्हणाल्या. मी काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी घरात लावायचा प्रयत्न केला. सेट छोटासाच, त्याला लांब वायरीनं जोडलेली एक चपटी चौकोनी ताटली. तीच अँटेना. माजघरात ठेवली, मुका. ओट्यावर ठेवली, मुका. मुलगा ती घेऊन अंगणभर फिरला. एकदाच कुठंतरी लताबाईंचा सूर आला आणि गेला. शेवटी आमच्या चुलत सासऱ्यांना बोलावलं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. आमच्या भागातल्या बायकांना वालचंदनगर म्हणजे बाजार आणि दवाखाना, पण इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची पोलादी कवचं त्याच कारखान्यात बनतात, 1970 च्या दशकापासून. त्यामुळं उपग्रह म्हटलं की तात्यांची मान ताठ होते, जणू तो त्यांनीच वर सोडलाय.

तात्यांनी अंगणात काठीनं रेघा ओढून सांगितलं. या रेडिओचा उपग्रह 'एशियास्टार'. 21 मार्च 2000 ला दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून एरियन रॉकेटनं तो वर गेला, आणि गंमत म्हणजे त्याच रॉकेटवर आपला 'इन्सॅट-3 बी' पण होता. दोघं एका गाडीचे प्रवासी! तो विषुववृत्ताच्या वर, जवळजवळ 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वी फिरते त्याच वेगानं फिरतो. म्हणून आपल्याला तो एकाच जागी थांबलेला. त्याची जागा 105 अंश पूर्व रेखांशावर. म्हणजे आपल्या कळसवरून बघितलं तर आग्नेयेला, आणि क्षितिजापासून निम्म्याहून थोडा वर.

"आग्नेयेला? म्हणजे चुलीच्या दिशेला?" सासूबाई एकदम सावध झाल्या. घर बांधताना स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं म्हणून त्यांनी गवंड्याशी भांडण केलेलं होतं. त्या दिवसापासून त्या रेडिओकडं जरा आपुलकीनं बघायला लागल्या.

मग तात्यांनी जे केलं ते मी अजून विसरले नाही. ताटलीच्या मधोमध मेणानं एक आगकाडी उभी चिकटवली. सकाळचे सव्वादहा वाजले होते. "सध्या मार्चात या वेळेला सूर्य त्याच्या जवळूनच जातो," म्हणाले, "आता ताटली अशी कलती कर की काडीची सावली पडणारच नाही." मी ताटली उचलली, कलवली, वळवली. सावली आखूड होत होत काडीच्या बुडाशी मावळली. आणि सेटमधून स्वच्छ, शेजारी बसून कुणी गावं तसं गाणं सुरू झालं. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आता हे पिकअपवर कसं चढवायचं?

जंक्शनला गाड्यांची वायरिंग करणारा एक मुलगा होता. हुशार, पण घाईचा. त्यानं सेटची पिन तोडून दोन वायरी सरळ बॅटरीला जोडायला घेतल्या. मी बारावी सायन्स झालेली, लग्न ठरलं म्हणून पुढचं राहिलं. एवढं कळत होतं की अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्टेजचा आकडा आणि गाडीच्या बॅटरीचे 12 व्होल्ट यांचा मेळ बसत नाही. शिवाय इंजिन चालू असताना ते चौदापर्यंत जातात. म्हटलं, "थांब रे बाबा, जळंल ते!"

"काय होत न्हाय, वैनी."

"होतं. भिशी माझी आहे."

हे बाजूला उभे राहून हसत होते. शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून मध्ये व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर बसवून आणला. तुम्हीही गाडीत काही बसवून घेणार असाल, अगदी मोबाईलचा चार्जर असला तरी, तर दोन गोष्टी हट्टानं करून घ्या. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज लावायचा. आणि वायर पत्र्याच्या भोकातून नेताना भोकाला रबर लावायचं, नाहीतर धक्क्यांनी वायर सोलून निघते आणि मग धूर. कारागीर हे करायचं टाळतो, कारण दिसत नाही ना ते.

आवाज टेपच्या स्पीकरमधून काढला. त्यासाठी कॅसेटसारखी दिसणारी, मागून वायर निघालेली एक खोटी कॅसेट मिळायची, ती टेपमध्ये सारायची. गाडी सुरू केली तर गाण्याच्या मागं "कुंई..." असा सूर! ॲक्सिलेटर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. गाडीच मेली गायला लागली. त्या मुलानं सेटची आणि टेपची अर्थिंग एकाच बोल्टवर घेतली तेव्हा तो सूर बसला.

राहिली ताटली. टपावर तिला कलती उभी करायला जुन्या फोटोफ्रेमचं मागचं टेकण लावलं, खाली कपाटाची बिजागरी. आणि बुडाला एका मोडक्या भोंग्यातलं जाडजूड गोल लोहचुंबक. पत्र्यावर ठेवलं की असं घट्ट बसायचं की दोन हातांनी ओढावं लागायचं. वरून ट्यूबचा पट्टा आवळला. वायर दाराच्या रबरामधून आत.

तरीही गाडी अंगणातून वळली की गाणं गेलं! हे म्हणाले, "झालं तुझं कौतुक?" मला रडूच यायचं बाकी होतं. तात्या शांतपणे म्हणाले, "उपग्रह हलत न्हाय. गाडी हलती." ताटलीचं तोंड आग्नेयेकडं राहिलं पाहिजे, आणि गाडी तर दर वळणाला तोंड फिरवणार.

नंतर वाचलं, की अमेरिकेत 2001 पासून 'एक्सएम' आणि 2002 पासून 'सिरियस' असे गाड्यांसाठीचे उपग्रह रेडिओ आले, आणि तिथले पिकअपवाले, मोठे ट्रकवाले तर त्याच्यावर फार खूश. बाटलीच्या झाकणाएवढी अँटेना टपावर चिकटवली की झालं, गाडी कशीही वळो. पण त्यांचे उपग्रह जास्त ताकदीचे, आणि शहरात इमारतींच्या आड आवाज जाऊ नये म्हणून जमिनीवर मनोरे उभारलेले. आपल्याकडं तशा मनोऱ्यांची सोय झालीच नाही. 'वर्ल्डस्पेस' इथं चालायचा तो घरात, खिडकीत, एका जागी बसून ऐकण्यासाठी. पिकअपवर चढवण्याचा आगाऊपणा आमचा.

पण तात्यांनी परत काठी घेतली. अंगणात पुण्याचा रस्ता काढला आणि हसायलाच लागले. भिगवणपासून पुण्यापर्यंतचा हायवे बघा, जवळजवळ पूर्व-पश्चिम. किंचित वायव्येकडं झुकलेला. म्हणजे पुण्याला जाताना आग्नेय बरोबर गाडीच्या पाठीमागं, येताना बरोबर नाकासमोर! जाताना ताटलीचं तोंड मागं करायचं, येताना पुढं. शंभर किलोमीटर रस्ता, दोनच वेळा हात लावायचा. घरापासून भिगवणपर्यंत तेवढं तोंड उजव्या अंगाला मागं ठेवावं लागणार. देवानं रस्ता आमच्यासाठी आखला होता की काय!

पहिल्या खेपेला मी हट्टानं बरोबर गेले. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस, रातच्याला मारकेटला?" मी म्हटलं, "आत्या, वायर हलली तर बघायला कुणी नको का?" खरं कारण वायर नव्हतं, त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी दोन भाकरी जास्त बांधून दिल्या.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि ज्या रस्त्यावर आमच्या घराचा सगळा पैसा येतो तो रस्ता मी रात्री कधी पाहिलाच नव्हता. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे डोळ्यांत घुसतात आणि दोन क्षण काहीच दिसत नाही. उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल कागद. रस्त्याकडेला रांगेनं उभे ट्रक आणि खालच्या सावलीत झोपलेली माणसं. वाटेत बाईमाणसाला जायला आडोसा नाही. मी पाणीच प्यायले नाही सकाळपर्यंत.

रेडिओ मात्र लागला! मोठ्या झाडांखालून गाडी गेली की गाणं तुटायचं, बाहेर आली की परत जुळायचं. उड्डाणपुलाखाली मुका. एकदा पेट्यांची थप्पी टपाहून उंच झाली होती, त्यानं आवाज अडला. ताटली टपाच्या पुढच्या कडेला सरकवली तेव्हा आला. तात्या पुढं म्हणाले, द्राक्ष म्हणजे पाणीच की, त्या लहरी पाण्यातून जात नाहीत. पहाटे यार्डात पोचलो. माल उतरला. हे पट्टीच्या मागं गेले आणि मी गाडीत 'गंधर्व' वाहिनी लावून बसले. कुणीतरी भैरव गात होतं. बाहेर हमालांची हाळी, कोबीच्या पोत्यांची धपधप, आणि आत भैरव. असा मार्केट यार्ड कुणी ऐकला नसेल.

परत निघालो. लोणीच्या पुढं हे उतरले, ताटलीचं तोंड पुढं केलं. उरुळी गेलं, यवत गेलं. मी यांच्याकडं बघत होते. रेडिओवर गाणं छान चाललेलं, हे मान डोलावतायत... आणि एकदम लक्षात आलं, मान गाण्यावर डोलत नव्हती. पापण्या उघड्याच, पण डोळे कुठंच बघत नव्हते. मी दंडाला धरून हलवलं. "आँ? जागा हाय की मी!" म्हणाले.

म्हणजे माझी भिशी गेली, मिक्सर गेला, आणि गाणं चालू असतानाही माणूस झोपत होता! पोटात खड्डा पडला माझ्या. झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर हेच सांगतात, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. गाणी, खिडकीचा वारा, तोंडावर पाणी, यांचा उपयोग थोडाच वेळ होतो. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळा सगळ्यात वाईट. आणि झोप आलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे बहुतेक वेळा कळतही नाही. त्याला उपाय एकच, गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं झोपायचं. आधी चहा किंवा कॉफी घेतली तर आणखी बरं, कारण ती अंगात चढायला तेवढाच वेळ लागतो. मग उठता तेव्हा दोन्हींचा गुण येतो.

त्या सकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "थांबवा. मला चहा पाहिजे."

चौफुल्याला एका टपरीजवळ मोकळ्या माळावर गाडी घेतली. वर झाड नाही, तार नाही. आणि गाडी थांबताच रेडिओ असा काही स्वच्छ लागला, की टपरीवाला कपबशी घेऊन ऐकतच उभा राहिला. एका जागी थांबून ऐकण्यासाठीच केलेला होता ना तो! 'फरिश्ता'वर तलत महमूद. यांनी चहा घेतला, सीटला डोकं टेकलं. "एवढं गाणं संपूं दे," म्हणाले. गाणं संपायच्या आत झोपले. मी घड्याळ लावून बसले. पंचवीस मिनिटांनी आपोआप जागे झाले आणि अंग झाडून म्हणाले, "च्यायला, तरतरी आली की!"

नंतर मी बरोबर जात नव्हते, पण ते चौफुला सुटलं नाही. धावताना गाणं तुटायचं, म्हणून नीट ऐकायला थांबायचे. थांबले की झोपायचे. मी पैसे मोजले होते गाडी चालताना यांना जागं ठेवण्यासाठी, आणि तो रेडिओ करत होता उलटंच. गाडी थांबवून झोपवत होता!

आता एक गंमत सांगते. आमच्या भागातल्या मैत्रिणी हे वाचून केव्हाच हसल्या असतील. चौफुला हे नाव कशासाठी प्रसिद्ध आहे ते सगळ्या पुणे जिल्ह्याला माहीत आहे. तिथं लावणीची थिएटरं आहेत! गावात बातमी पसरायला किती वेळ? "तुमचं मालक रोज चौफुल्याला थांबत्यात म्हनं?" पिठाच्या गिरणीत एकीनं विचारलंच. सासूबाई तर दोन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. सकाळी सात वाजता कुठली आलीय लावणी, असं मी म्हणायचे, पण ऐकतंय कोण. शेवटी यांनीच तोडगा काढला. तेव्हा इनकमिंग फुकट असलं तरी फोन करायला पैसे पडायचे, म्हणून मिस कॉलचा जमाना. चौफुल्याला थांबलो की एक मिस कॉल, निघालो की दुसरा. दोन्हींच्या मध्ये अर्धा तास. "अर्ध्या तासात लावनी व्हती का, आई?" यांनी विचारलं. आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. पहिल्या मिस कॉलनंतर त्या देवापुढं बसायच्या आणि दुसरा आला की उठायच्या. त्यांच्या जपाला असा नेमका वेळ मिळाला.

मला मात्र त्या दोन मिस कॉलचं फार व्हायचं. पहिला आला की कळायचं, अर्धा रस्ता सुखरूप. आणि दुसरा उशिरा आला की भाकरी तव्यावर करपायची.

2008 च्या ऑक्टोबरमध्ये 'वर्ल्डस्पेस' कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. नोआ समारा नावाच्या, इथिओपियात जन्मलेल्या माणसानं 1990 मध्ये ती काढली होती. आफ्रिकेत एड्सनं माणसं मरत होती आणि त्यांच्यापर्यंत साधी माहितीसुद्धा पोचत नव्हती, ते वाचून त्याला ही कल्पना सुचली म्हणे. गरिबांपर्यंत आकाशातून आवाज पोचवायचा. निघाली ती त्यासाठी, आणि शेवटी तिचे जास्तीत जास्त वर्गणीदार होते आपल्या देशात, गाणी ऐकणारे. 31 डिसेंबर 2009 ला इथली सेवा बंद झाली. आमची वर्गणी तशीही संपत आली होती.

पहिली जानेवारी 2010. हे यार्डातून परत येत होते. मी मनात म्हटलं, आता कशाला थांबतील? रेडिओ मुका, चौफुल्याची बदनामी फुकटची. पावणेसातला मिस कॉल आला. मी फोन हातात धरून बसले. सव्वासातला दुसरा. घरी आल्यावर विचारलं, "रेडिओ तर बंद ना?"

"बंदच हाय. सवय लागली अंगाला. टपरीवालापन इचारत हुता, आज गानं का न्हाय म्हून."

सासूबाई 2016 मध्ये गेल्या. तात्याही आता नाहीत. यांचे गुडघे दुखतात, त्यामुळं गाडी थोरल्याकडं आलीय, आणि गाडीही नवी. त्याच्या फोनवर जगातली सगळी गाणी आहेत. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' मी घरी लावते, ती त्याला म्हाताऱ्यांची वाटते. कडबनवाडीच्या माळावर फोनची रेंज गेली तरी त्याचं काही अडत नाही, गाणी आधीच उतरवून घेतलेली असतात. तो यार्डातून निघाला की नकाशावर एक ठिपका सरकताना दिसतो, तो मला बघायला शिकवलंय त्यानं. ठिपका थांबतो का, एवढंच मी बघते. पहिल्यांदा तो नुसता सरकतच होता, पाटससुद्धा ओलांडलं. तो घरी आल्यावर मी काही बोलले नाही. माळ्यावरच्या खोक्यातून ते भोंग्याचं लोहचुंबक काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. त्याला बाभळीच्या फांदीचं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी यांनी सांगितलं, स्वतःहून, सगळं. कुत्रं आडवं आलं होतं, हे मी खोटं बोललो, हेसुद्धा.

चुंबक आता नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर असतं. काही उपयोग नाही त्याचा, पट्टीच्या पावत्या चिकटवून ठेवतो त्यात. परवा गुरुवारी ठिपका चौफुल्याला थांबला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेसात झाले, पावणेआठ झाले. मी तवा उतरवून ठेवला. आठला फोन वाजला.

"आई, झोप लागली गं जास्त. चहा टाक."